घरगुती व्हॅक्युम सीलर, वर्षभर वापरून: चटणीला दहापैकी नऊ, चकलीला शून्य

मी एसटीच्या चिपळूण डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होतो. सगळी हयात ब्रेकच्या टाक्यांत हवा भरण्यात गेली, आता निवृत्त झाल्यावर पिशव्यांतली हवा काढत बसतो. हे मशीन घेतलं धाकट्यासाठी. तो नौदलात आहे, विमानवाहू जहाजावर. कुठल्या ते लिहीत नाही. आपल्याकडे आहेत दोनच, त्यामुळे लपवण्यासारखंही फार नाही. जहाज सध्या कुठे आहे हे आम्हालाच माहीत नसतं, तेव्हा ते लिहायचा प्रश्नच नाही.

मशीनचं नावही घेत नाही, कारण पुढे त्या कंपनीबद्दल थोडं कडू लिहायचं आहे. आणि या किमतीतली मशीनं आतून सख्खी भावंडं असतात. मी दोन उघडून पाहिली आहेत, एक आमचं आणि एक शेजाऱ्यांचं. आमचं 3,400 रुपयांना ऑनलाइन मिळालं, सोबत पाच मीटरचा पिशवीचा एक रोल. तो तीन पार्सलांत संपतो. पुढचे रोल वेगळे घ्यावे लागतात, आणि खरा खर्च तिथे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी गरज का पडली ते. जहाजाच्या पत्त्यात गावच नसतं. पोराचा हुद्दा, नंबर, नाव, जहाजाचं नाव, आणि खाली द्वारा फ्लीट मेल ऑफिस, म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय. पहिल्या वेळी पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "गाव कुठलं लिहू?" मी म्हटलं, "समुद्र लिहा." हसल्या बिचाऱ्या. पण पुढे हसू येईना. पार्सल वेळेत पोचतं, मग तिथे जहाजाची वाट बघत बसतं. पहिल्या दिवाळीचा फराळ पोराच्या हातात पडला तेव्हा इकडे तुळशीचं लग्न होऊन पंधरवडा उलटला होता. फोनवर म्हणाला, "मस्त होतं आई, सगळ्यांनी खाल्लं." ही म्हणाली, "बेसनाचा लाडू कसा होता?" तो म्हणाला, "सगळ्यांनी खाल्लं ना." हिने फोन माझ्याकडे दिला आणि आत गेली. तुपाला वास आला असणार, हे दोघांनाही कळलं.

त्यावर उपाय म्हणून मी मशीन शोधलं.

काम साधं आहे. पिशवीचं तोंड आतल्या खाचेत ठेवायचं, झाकण दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबायचं, बटण द्यायचं. छोटा पंप हवा ओढतो, मग एक तार तापते आणि प्लॅस्टिक चिकटवते. खोक्यावर उणे 60 किलोपास्कल असं छापलंय. बाहेरच्या हवेचा दाब साधारण 101, म्हणजे पिशवीतली दहापैकी सहा भाग हवा निघते, चार भाग आतच राहते. 'संपूर्ण निर्वात' असं जाहिरातीत लिहितात ते सोडून द्या. पण घट्ट बसलेल्या पदार्थाला एवढं पुरतं, कारण त्यात मुळात हवा असतेच किती?

दुसरी गोष्ट, साधी प्लॅस्टिकची पिशवी यात चालत नाही. एका बाजूने खरखरीत, जाळीदार नक्षीची पिशवी लागते. त्या नक्षीच्या चरांमधून हवा बाहेर येते. गुळगुळीत पिशवीचे दोन पदर आधीच एकमेकांना चिकटतात आणि हवा आतच अडकते. आठ दिवस मी मशीनला शिव्या देत होतो, चूक पिशवीची होती.

आता पदार्थांकडे येतो, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

सुकटीची चटणी म्हणजे या मशीनचा विजय आहे. सुकट कोरडी भाजून, लसूण-मिरची-सुकं खोबरं घालून ही चटणी करते तेव्हा खालच्या आळीपर्यंत वर्दी जाते. आधी ती पाठवायची हिंमतच नव्हती. पोस्टातून परत आली असती किंवा पोराच्या सगळ्या कपड्यांना वास लागला असता. आता पाव किलोची चपटी लादी करतो, सील मारतो, त्यावर दुसरी पिशवी, पुन्हा सील. नाक लावून बघा, वास येत नाही. त्याच्याबरोबर एक पंजाबचा आणि एक केरळचा मुलगा आहे. केरळच्याला ती घरची वाटली म्हणे. पंजाबचा पहिल्या दिवशी उठून गेला, दुसऱ्या पार्सलापासून तोच मागतो.

आंबापोळी, फणसपोळी: उत्तम. मुळातच चपट्या, हवा काढली की पुठ्ठ्यासारख्या होतात. पोराचं लॉकर केवढंसं असतं, त्यात डबा ठेवला तर कपडे कुठे ठेवायचे? चपटी पाकिटं मात्र कपड्यांच्या घडीत जातात. हा फायदा मी मशीन घेताना धरलाच नव्हता, आज तोच मोठा वाटतो.

मेतकूट: सावध. पीठ हवेबरोबर उडतं आणि थेट पंपाकडे जातं. आमचं गेलं. मशीन दोन दिवस खाकरत होतं, मग मी उघडून ब्रशने साफ केलं. त्यानंतर युक्ती सापडली: पीठ आधी कागदी पाकिटात भरायचं, ते पाकीट पिशवीत, आणि तोंडाजवळ कागदी रुमालाची एक घडी. आता कण येत नाही.

बेसन लाडू: चालतात, पण 'पल्स' बटणाने, थोडी थोडी हवा काढत. सोडून दिलं तर पंप लाडवाचा पेढा करतो. लाडू आधी रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट करून घ्या. तीन महिन्यांनीसुद्धा वास नाही, हे पोराने सांगितलं, आणि या वेळी हिने उलट प्रश्न विचारला नाही.

ओल्या नारळाच्या वड्या: नको म्हणजे नको. मी मेकॅनिक, मला वाटलं हवा नाही म्हणजे बिघडणार नाही. बारा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर नमुन्याचं पाकीट ट्यूबसारखं टम्म फुगलं होतं. हवेशिवाय वाढणारेही जंतू असतात आणि ते वाईट असतात. नशीब, एक पाकीट मी घरी ठेवलं होतं. ती सवय लावून घ्या: प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट घरी. पोराला ताबडतोब सांगायची सोय नसते. डिसेंबर 2019 मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले. तो बाहेर येऊन फोन करेपर्यंत तुम्ही बसा काळजी करत.

चिवडा, चकली, कडबोळी: शून्य. चिवड्याचा भुगा, चकलीचे तुकडे, आणि चकलीची टोकं पिशवीला भोकं पाडतात ती वेगळीच. चकली अजून डब्यातच जाते, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. तरी पोचेपर्यंत अर्धी मोडतेच. मुलं तो चुरा उसळीवर घालतात म्हणे, मिसळ म्हणून.

कुळथाचं पीठ हिने एकदा हौसेने पाठवलं. पोरगा म्हणाला, "आई, मी इथे पिठी करू कुठे? इथे आपापलं शिजवत नाहीत." ते पाकीट सुट्टीत परत आलं, सील जसंच्या तसं. पुढच्या रविवारी आम्ही पिठी-भात खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, तिथे खायला कमी आहे का? मुळीच नाही. विक्रमादित्य नोव्हेंबर 2013 मध्ये ताफ्यात आलं तेव्हा नौदलानेच आकडे दिले होते: सोळाशेहून जास्त माणसं, महिन्याला जवळजवळ एक लाख अंडी, 20,000 लिटर दूध, 16 टन तांदूळ. मी हे हिला वाचून दाखवलं. पार्सलचा खर्च थोडा आटपता आला तर बघावं असा माझा हेतू. ही म्हणाली, "सोळा टन भात आहे हो, पण त्यावर मेतकूट कोण वाढणार?" तेव्हापासून खर्चाचा विषय मी काढलेला नाही.

माझा जीव खरा अडकतो तो इंजिनात. एका जहाजाला आठ बॉयलर, 1,80,000 हॉर्सपॉवर. दुसऱ्याला, म्हणजे 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत दाखल झालेल्या विक्रांतला, चार गॅस टर्बाइन, मिळून 88 मेगावॅट. मी ज्या गाड्यांखाली झोपून आयुष्य काढलं त्या शे-सव्वाशे हॉर्सपॉवरच्या. पोराला विचारलं, "तुझ्या लॉकरजवळून गरम पाइप जातो का रे? तूप वितळतंय का?" तर म्हणतो, "बाबा, हे फोनवर नको." आता यात गुपित ते काय? पण नको तर नको. तूप कमी घालून लाडू वळायला सांगितले हिला.

आता कडू भाग. सातव्या महिन्यात मशीन हवा धरेना. झाकणाखाली फोमची काळी पट्टी असते, गॅस्केट. ती एका बाजूला दबून सपाट झाली होती. ग्राहक सेवेला फोन केला. मुलगी गोड बोलली, पण सुटं गॅस्केट मिळत नाही, वॉरंटीत हा भाग येत नाही, नवीन मशीनवर दहा टक्के सूट देऊ. चाळीस रुपयांच्या पट्टीसाठी तीन हजारांचं मशीन टाकायचं? डेपोत असं कोणी बोललं असतं तर हातात पाना घेऊन उभे राहिलो असतो. मार्कंडीला रबराच्या दुकानातून त्याच जाडीची स्पंजपट्टी आणली, ब्लेडने कापून बसवली, काम सुरू. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी घेतानाच विचारा, गॅस्केट सुटं मिळतं का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

आणखी एक दोष. तार लागोपाठ तापली की सील सुरकुततं. चार पाकिटं झाली की दहा मिनिटं थांबायचं. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत आहे, मला ते तेल गळल्यावर वाचावंसं वाटलं. लसणाच्या चटणीचं तेल हिच्या पत्रावर पसरलं होतं. पोरगा म्हणाला, अर्धंच वाचता आलं, उरलेलं काय होतं? ही सांगेना. आता प्रत्येक तोंडाला मी दोन सील मारतो, बोटभर अंतर ठेवून, आणि पत्र वेगळ्या पिशवीत. पत्राची हवा काढत नाही, चुरगळतं.

पोराचं जहाज कारवारला असेल आणि त्याला बाहेर यायला मिळणार असेल तर मात्र मशीनबिशीन विसरा. मत्स्यगंधा एक्स्प्रेस चिपळूणला थांबते, कारवारलाही थांबते. आम्ही एकदा गेलो. ओल्या नारळाच्या वड्या साध्या स्टीलच्या डब्यात नेल्या. समुद्राकाठी आयएनएस चपळ ही जुनी युद्धनौका ठेवलीय, तिच्याजवळ बसून त्याने अर्धा डबा तिथेच संपवला. उरलेला मित्रांसाठी नेला आणि हिला म्हणाला, "डबा परत कसा देऊ?" ही म्हणाली, "नको देऊस."

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा गॅस्केटने खाल्ला, एक चकलीने. पोरगं लांब असेल, पार्सल वाट बघत पडून राहणार असेल, तर घ्याच. मुलगी पुण्यात आणि पार्सल दोन दिवसांत पोचणार असेल, तर पैसे वाचवा. मशीन ओट्यावर ठेवू नका, उंच फळीवर ठेवा. हे फक्त चिपळूणकरांसाठी, 2021 चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

सील टिकलं का हे बघायची पद्धत: पाकीट कोपऱ्यात धरून अंगठ्याने दाबायचं. दगडासारखं लागलं तर ठीक, मऊ लागलं तर हवा शिरली. पाठवलेल्या शेवटच्या पार्सलमधलं नमुन्याचं पाकीट, मार्करने 41 नंबर टाकलेलं, सध्या फळीवर आहे. तीन आठवडे फोन नाही. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ही पहिल्यांदा ते पाकीट उतरवते, दाबून बघते आणि परत ठेवते.