जांभा चिरा की मातीची दाबलेली वीट? बेळगाव-खानापूर ते अथणी, घर बांधण्यापूर्वी

नैसर्गिक साहित्यात घर बांधायचं म्हटलं की आमच्या भागात पहिला प्रश्न दराचा निघतो. मी म्हणेन, दर तिसऱ्या क्रमांकाला ठेवा. आधी पाऊस बघा, मग पायाखालची माती. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला तो सहाशेच्या आतबाहेर असतो. पावसाळी जांबोटीला शोभणारी भिंत कोरड्या रायबागला शोभेलच असं नाही.

खानापूर तालुका आणि बेळगावचा पश्चिम भाग हा जांभ्याचा, म्हणजे तांबड्या दगडाचा; त्याचा तासलेला ठोकळा म्हणजे चिरा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, म्हणून तासता येतो; हवा लागली की तो घट्ट होत जातो. भट्टी नाही, जळण नाही. नऊ इंची भिंत बाहेरून गिलावा न करताही उभी राहते, सांधे नीट भरले म्हणजे झालं. पण चिरा सच्छिद्र असतो. पश्चिमेचा पाऊस थेट भिंतीवर मारत असेल, तर पाणी आत झिरपतं, बाहेर शेवाळ धरतं आणि आतल्या बाजूला ओल उमटते. अशा ठिकाणी वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढायलाच हवी. पश्चिमेला पडवी ठेवलीत तर उत्तम. जुन्या घरांना ती उगाच नव्हती.

चिरा घेताना रंगावर जाऊ नका. हातोडीनं ठोकून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. पांढरट-पिवळ्या मऊ मातीच्या गाठी दिसल्या तर तो चिरा बाजूला काढा, पावसात तिथूनच तो खचतो. जांभ्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 3620. त्यात दाब सोसण्याची किमान ताकद 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली आहे. दोन-तीन चिरे प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा खर्च घराच्या मानानं किरकोळ आहे. एक गोष्ट मात्र मला खुपते: चिऱ्याला ‘नैसर्गिक’ म्हणताना मागं राहिलेली खाण आपण विसरतो. माळाची वरची माती गेली की तिथं पुन्हा गवतही लवकर धरत नाही. चिरा घ्यायचाच तर जवळच्या, परवाना असलेल्या खाणीतला घ्या. शंभर किलोमीटरवर ट्रकनं नेलेल्या चिऱ्यात पर्यावरणाचं फारसं काही उरत नाही आणि पैशाचंही.

आता दाबलेली वीट. माती चाळायची, त्यात साधारण पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचं, यंत्रात दाबायचं आणि तीन-चार आठवडे ओली ठेवायची. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रानं कर्नाटकात हे तंत्र रुजवलं. वीट भाजावी लागत नाही, म्हणून इंधनाचा खर्च मोठा वाचतो. बेळगावच्या आसपासच्या तांबड्या, वाळूसर मातीत ती छान होते. काळ्या कापूसमातीत मात्र होत नाही: ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं शेतातली माती बहुतेक तीच, तेव्हा ‘आमच्याच जागेतली माती वापरू’ हा बेत तिथं सरळ जमत नाही. मुरमाड माती बाहेरून आणावी लागेल.

मातीची परीक्षा घरीच करता येते. शेतीच्या कामाची वरची फूटभर माती बाजूला ठेवा, खालची घ्या. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती भरा, वर पाणी ओता, चिमूटभर मीठ टाकून खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळू बसते, मधे पोयटा (बारीक गाळ), वर चिकणमाती. निम्म्याहून बरीच जास्त वाळू आणि थोडी चिकणमाती असा थर दिसला तर पुढं जा.

पूर्वेच्या उन्हाळ्यात जाड मातीच्या भिंतीचा खरा फायदा होतो, दुपारची झळ आत यायला संध्याकाळ होते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, तिथं उकाड्यापेक्षा ओलीचीच चिंता जास्त. पूर्वेकडची पांढऱ्या मातीची धाब्याची (सपाट मातीच्या छपराची) घरं तिथल्या उन्हाळ्यासाठीच होती. पण नदीकाठच्या गावांना माझा इशारा आहे. 2019 च्या ऑगस्टमधला कृष्णा-घटप्रभा-मलप्रभेचा पूर आठवा. साध्या मातीच्या भिंती पाण्यात बसल्या की खचतात. पुराची खूण जिथवर आहे तिथवर काळ्या दगडाचं जोतं आणि भिंत घ्या, माती त्याच्या वर. तेवढं उंच जोतं परवडत नसेल, तर मातीचा हट्ट सोडलेला बरा.

काळ्या जमिनीवर भिंत कशाचीही असो, पाया फुगणाऱ्या थराच्या खाली नेल्याशिवाय भेगा चुकत नाहीत. इथं पैसे वाचवू नका.

भट्टीची वीट खानापूरकडं सहज मिळते. ती घेतलीत तर मधे पोकळी ठेवून उभी लावणारी रॅट-ट्रॅप पद्धत विचारा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती केरळात प्रचलित केली, तिच्यात साधारण एक चतुर्थांश विटा वाचतात. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रं असलेला सिमेंटचा ठोकळा, हलका आणि चटकन चढणारा, पण तो कारखान्यातून येतो. इथल्या मातीशी त्याचा संबंध नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका. आतली ओल कोंडते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. छपरासाठी खानापुरात कौलंच बरी, फक्त माकडांनी हलवलेली कौलं दर पावसाळ्याआधी बसवून घ्यायची तयारी ठेवा.

खानापूर आणि पश्चिम बेळगावला माझी पसंती चिऱ्याला, मोठ्या वळचणीसह. बेळगावच्या पूर्वेला, तांबडी माती जवळ असेल आणि पुराची भीती नसेल तर दाबलेली वीट. अथणी-रायबागला दगडी जोत्यावर, मुरमाड मातीच्या दाबलेल्या विटांच्या जाड भिंती. एक अट तिन्हीकडं सारखी: ते काम केलेला गवंडी आधी शोधा, त्यानं बांधलेलं चार-पाच पावसाळे खाल्लेलं घर स्वतः जाऊन बघा आणि तिथल्या घरवाल्यांना विचारा, पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का. कर्ज काढणार असाल तर ई-स्वत्तू उतारा (ग्रामपंचायतीचा मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) आणि इंजिनियरचं इस्टिमेट हे साहित्य ठरवण्याच्या आधीच बँकेत दाखवा. मातीच्या भिंतीला बँक काय म्हणते ते पाया खणण्यापूर्वी कळलेलं बरं.