फाटकापासून स्टँडपर्यंत : तालुक्याच्या एका महाविद्यालयातील सुरक्षा व्यवस्थेविषयी पालकाचा अभिप्राय

माझी धाकटी मुलगी गेल्या जूनपासून जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका तालुक्याच्या गावी, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकत आहे. महाविद्यालय लहान आहे. दुमजली इमारत, मागे मैदान आणि मैदानाच्या कुंपणाला लागून कपाशीचे शेत, एवढाच त्याचा पसारा. प्रवेशाच्या वेळी हाती पडलेल्या माहितीपुस्तिकेत ‘सुरक्षित परिसर’ या मथळ्याखाली सोळा कॅमेरे, चोवीस तास पहारा, रॅगिंग प्रतिबंधक समिती, अंतर्गत तक्रार समिती आणि अग्निशमन यंत्रणा यांचा उल्लेख होता. मुलींच्या पालकांच्या दृष्टीने हे पान शुल्काच्या पानाइतकेच महत्त्वाचे असल्यामुळे, वर्षभरात जेव्हा जेव्हा तेथे जाणे झाले तेव्हा त्यातील एकेक गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण माझे पत्र प्राचार्यांकडे विचाराधीन आहे आणि त्यांनी मला प्रत्येक वेळी सौजन्याने वागवले आहे. गुण द्यायचेच झाले तर मी पाचपैकी तीन देईन, आणि त्यांतील निम्मे एका माणसाचे आहेत.

माझी नोकरी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. नोंदवही रोजच्या रोज लिहिली जाते की महिनाअखेरीस एका बैठकीत भरली जाते, हे अशा नोकरीत केवळ शाईवरून ओळखता येऊ लागते. ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही, आणि या अभिप्रायात ती वाचकांना दिसेलच.

कॅमेऱ्यांपासून सुरुवात करतो. सोळा कॅमेरे आहेत हे खरे आहे, आणि मी गेलो त्या दिवशी त्यांपैकी तेरा चालू होते. बंद असलेल्या तिघांपैकी एक मुलींच्या विश्रांतिकक्षाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी आहे. कार्यालयातील पडद्यावर त्याच्या जागी काळा चौकोन दिसतो आणि लिपिकांच्या म्हणण्यानुसार दिवाळीपूर्वी वायर उंदरांनी कुरतडली. उंदरांना दोष देता येत नाही, पण वायर बदलायला किती खर्च येतो हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. याहून गंभीर बाब मला नंतर कळली. चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची क्षमता इतकी कमी आहे की आठव्या दिवशी जुने चित्रीकरण पुसले जाऊन त्यावर नवे चढते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांपर्यंत करता येते. खेड्यातून येणारी मुलगी घरी सांगावे की नाही, सांगितले तर शिक्षणच बंद होईल का, या विचारात आठवडा सहज घालवते. ती मनाचा निश्चय करून कार्यालयात येईल तेव्हा तिच्या बाजूचा पुरावा पुसला गेलेला असेल. एक मोठी हार्डडिस्क बसवण्याचा हा प्रश्न आहे, आणि स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा तिला निश्चितच कमी पैसे लागतील.

समित्यांचे फलक प्रवेशद्वाराजवळच लावलेले आहेत. तक्रार समितीच्या फलकावर अजूनही ‘विशाखा समिती’ असेच रंगवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालावरून रूढ झालेले हे नाव २०१३ च्या कायद्यानंतर बदलायला हवे होते, परंतु नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण आमच्या भागातील मुलींना तेच ठाऊक आहे. आक्षेप फलकावरील नावांविषयी आहे. समितीच्या अध्यक्ष एक ज्येष्ठ प्राध्यापिका आहेत, ही गोष्ट नियमाला धरून आहे. मात्र सदस्यांमध्ये दोन विभागप्रमुख आहेत, आणि समिती दबावमुक्त राहावी म्हणून विभागप्रमुखांसारख्या पदाधिकाऱ्यांना तिच्यात घेऊ नये असे तेच विनियम सांगतात. विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी फलकावर नाहीत. बाहेरच्या सदस्य म्हणून ज्या बाईंचे नाव आहे त्या दोन वर्षांपूर्वी पुण्यास राहावयास गेल्या, असे मला खुद्द शिपायाने सांगितले.

रॅगिंगच्या बाबतीत कागद अधिक नीट आहेत. आयोगाच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी आणि पालक अशा दोघांचीही हमीपत्रे घेतली जातात आणि १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा मदतक्रमांक प्रत्येक वर्गाच्या दाराशी चिकटवलेला आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, आणि त्याने दुर्लक्ष केले तर त्यानेच गुन्ह्यास साहाय्य केले असे मानावे, इतकी कडक तरतूद त्यात आहे. हे कलम प्राध्यापकांना माहीत आहे, याचा परिणाम दिसतो. मुलीला विचारले तेव्हा पहिल्या आठवड्यात ‘गाणे म्हणून दाखव’ एवढ्यावरच प्रकरण थांबल्याचे तिने सांगितले, आणि तेही एका प्राध्यापिकेने मध्ये पडून थांबवले.

अग्निशमनाविषयी थोडक्यात सांगतो. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यावे लागते. जुलैचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर आहे. नळकांड्यांवरील काटे हिरव्या पट्ट्यात आहेत आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाळूच्या बादल्याही आहेत. सोडियमसारख्या धातूने पेट घेतल्यास पाणी मारून चालत नाही, कोरडी वाळूच टाकावी लागते, हे प्रयोगशाळा साहाय्यकांनी मला न विचारता समजावून सांगितले. मला ही बाब समाधानकारक वाटली. प्रयोगशाळेचे मागचे दार मात्र कुलूपबंद होते, आणि किल्ली ‘सरांकडे’ होती.

आता पहाऱ्याकडे येतो. ‘चोवीस तास’ याचा अर्थ दोन माणसे, बारा-बारा तास. रात्रीच्या पहारेकऱ्याशी माझी गाठ पडली नाही. दिवसाच्या माणसाला सगळे ‘मामा’ म्हणतात. साठीच्या जवळ आलेले, पत्र्याच्या चौकीत बसणारे हे गृहस्थ आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा त्या चौकीत टेबलपंख्याखाली बसणे म्हणजे काय असते, हे खानदेशातील वाचकांना सांगायला नको. खासगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ चा केंद्रीय कायदा पहारेकऱ्याच्या प्रशिक्षणाविषयी बोलतो, पण मामांना असे कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नाही. प्रत्येक मुलीचे गाव, तिची बस आणि तिला न्यायला येणारा भाऊ खरा की ‘मानलेला’, हे मात्र त्यांना पाठ आहे. तास चालू असताना एखादी मुलगी एकटी बाहेर निघाली की ‘कोठे जाई राह्यनी व पोरी?’ अशी हाक येते, आणि त्या हाकेत दरडावणीचा सूर नसतो. मुलींना याचा जाच वाटतो का, हे मी माझ्या मुलीला मुद्दाम विचारले. मामा मुलांनाही तेवढेच विचारतात म्हणून जाच वाटत नाही, असे तिचे उत्तर होते.

चौकीत अभ्यागतांची छापील नोंदवही आहे आणि तिच्यातील मागच्या संपूर्ण महिन्याच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या आहेत. तिच्याखाली मात्र मामांची स्वतःची शंभर पानी वही असते. तीत तारीख, वेळ, मोटारसायकलचा क्रमांक आणि एखादी ओळ असे वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि शाई रोज वेगळी असते. मी एवढ्या खात्रीने हे सांगतो, कारण नोव्हेंबरात त्या वहीची गरज माझ्याच घरी पडली.

पहिल्या वर्षाच्या एका बॅचचे प्रॅक्टिकल साडेपाचला सुटत असे. आमच्या बाजूच्या तीन गावांना जाणारी बस सव्वापाचला निघते आणि त्यानंतर थेट सव्वासातची मुक्कामी गाडी असते. फेरीची वेळ वर्षानुवर्षे तीच आहे आणि स्टँडवर ती लिहिलेली आहे, म्हणजे वेळापत्रक आखणाऱ्याने ती पाहिली नाही एवढाच याचा अर्थ होतो. महाविद्यालय ते स्टँड हे अंतर दीड किलोमीटरचे आहे आणि मध्ये बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, लांब भिंत लागते, जिच्या बाजूचे दिवे लागत नाहीत. नोव्हेंबरात सहा वाजता तेथे अंधार असतो. सलग तीन दिवस दोन तरुणांनी मोटारसायकल हळूहळू चालवत माझ्या मुलीचा आणि तिच्या दोन मैत्रिणींचा त्या भिंतीपासून स्टँडपर्यंत पाठलाग केला. मुलींनी घरी काहीच सांगितले नाही, पण मामांना सांगितले. मामांनी तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून घेतला आणि चौथ्या दिवशी चौकी शिपायाच्या स्वाधीन करून ते स्वतः सायकल हातात धरून मुलींबरोबर स्टँडपर्यंत चालत आले. त्याच दिवशी स्टँडवरून त्यांनी मला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात गेलो तेव्हा तक्रार समितीची नोंदवही पाहायला मागितली. तक्रारदारांची नावे गुप्त ठेवावी लागतात हे मला मान्य असल्याने मी केवळ संख्या विचारली. उत्तर एका शब्दाचे होते : ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. शासकीय कामकाजात आयुष्य गेलेल्या माणसाला या शब्दाचे वजन कळते. घटना फाटकाबाहेर घडली असल्याने ती समितीच्या कक्षेत येत नाही, असे मला आधी सांगण्यात आले. महाविद्यालयाने पुरवलेल्या वाहनातील प्रवाससुद्धा परिसरातच मोडतो असे विनियम म्हणतात. आमच्या मुलींना महाविद्यालयाचे वाहन नाही, हा काही त्यांचा अपराध नव्हे. प्राचार्यांनी मात्र वाद घातला नाही. वहीतील क्रमांकासह त्यांनी पोलीस ठाण्याला पत्र दिले, दामिनी पथक दोन संध्याकाळी जिनिंगजवळ उभे राहिले आणि पाठलाग थांबला. पुढच्या सोमवारपासून त्या बॅचचे प्रॅक्टिकल सकाळी घेण्यात येऊ लागले. कॅमेऱ्यांवर झालेल्या खर्चापेक्षा या एका बदलाने अधिक काम केले, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. माझ्या तीन गुणांतला एक मी यासाठी धरला आहे.

दिव्यांसाठी महाविद्यालयाने नगरपालिकेला पत्र लिहिल्याची पोच मी पाहिली, परंतु मार्चअखेर दिवे लागलेले नव्हते. दुसऱ्या वर्षाची गुरुवारची बॅच अजूनही साडेपाचलाच सुटते. मुलगी पुढच्या जूनपासून त्याच बॅचमध्ये जाईल.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या पालकांना माझे सांगणे एवढेच आहे की माहितीपुस्तिकेतील त्या पानाबरोबर प्रॅक्टिकलचे वेळापत्रक आणि आपल्या गावच्या बसची वेळ शेजारी ठेवून वाचावी, आणि समितीतील बाहेरच्या सदस्यांना एकदा फोन करून पाहावा. शिक्षणाच्या दर्जाविषयी माझी तक्रार नाही. प्रयोगशाळा चांगली आहे आणि वर्ग वेळेवर होतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. नव्या शैक्षणिक वर्षापासून पहाऱ्याचे काम एजन्सीला देण्यासाठी दरपत्रके मागवल्याची सूचना फलकावर लागली आहे. गणवेशधारी तीन रक्षक, वॉकीटॉकी आणि फाटकावर अंगठ्याचे यंत्र अशा तिच्यातील अटी आहेत. वयोमर्यादा पंचेचाळीस वर्षांची आहे. मामांनी ती सूचना वाचली आहे. मी शेवटचा गेलो तेव्हा त्यांची शंभर पानी वही संपत आली होती आणि नवी आणावी की नाही, हे त्यांनी ठरवलेले नव्हते.