मेथनॉल की एसीएन? रिव्हर्स फेजवर नवी मेथड बसवताना

रिव्हर्स फेज एचपीएलसी म्हणजे पाणी आणि एखादा सेंद्रिय (ऑर्गॅनिक) द्रावक यांचं मिश्रण, म्हणजेच मोबाइल फेज, पाण्याला दूर ठेवणाऱ्या कणांच्या कॉलममधून दाबाने ढकलून नमुन्यातले घटक वेगळे करणं. त्यावर नवी मेथड बसवायला घेतली की बहुतेक लॅबमध्ये हात आपोआप अ‍ॅसिटोनायट्रिलकडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एसीएनकडे जातो. त्याला कारणंही आहेत. यूव्ही डिटेक्टरवर २१० नॅनोमीटरच्या खाली बघायचं असेल तर मेथनॉलची बेसलाइन त्रास देते. त्याचा यूव्ही कटऑफच, म्हणजे जिच्या खाली द्रावक स्वतःच प्रकाश शोषतो ती तरंगलांबी, २०५च्या आसपास आहे, एसीएनचा १९०. प्रेशरचंही तेच. निम्मं पाणी, निम्मं मेथनॉल हे मिश्रण सुट्या पाण्यापेक्षा आणि सुट्या मेथनॉलपेक्षाही वाहायला जड असतं, त्यामुळे २ मायक्रॉनच्या आतले कण भरलेल्या कॉलमवर पंपाची दमछाक होते. यातली एखादी अडचण तुमची असेल तर खुशाल एसीएन घ्या.

नसेल, तर मला मेथनॉलकडे वळवणारी गोष्ट सांगतो. पाणी आणि एसीएन साधारण सम प्रमाणात मिसळा आणि बाटलीला हात लावा: गार लागते. मेथनॉलची बाटली उलट कोमट होते. कोमट बाटलीतली हवा तिथल्या तिथे सुटते, थोडं सॉनिकेट केलं (ध्वनिलहरींनी हलवलं) की विषय संपला. एसीएनची गार बाटली मात्र शांत दिसते आणि खोलीच्या तापमानाला येता येता हवा सोडत राहते. संध्याकाळी सीक्वेन्स (ओळीने आपोआप चालणारे नमुने) लावून घरी जावं आणि सकाळी प्रेशरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसावी, पीक (आलेखावरचे एकेका घटकाचे उंचवटे) मागेपुढे सरकलेले असावेत, याचा मला मनस्वी वैताग आला. द्रवातली हवा काढणारा डिगॅसर चांगला असेल किंवा बाटली निवांत मुरू दिली तर हे बरंच कमी होतं, मान्य. पण जुन्या सिस्टिमवर, प्री-मिक्स, म्हणजे आधीच मिसळून ठेवलेला मोबाइल फेज वापरताना, तेवढी उसंत कुणाला असते?

त्या गारव्यामागचं कारण कॉलमपर्यंत जातं. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. मेथनॉल असा बंध देऊही शकतं आणि घेऊही शकतं, म्हणून ते त्या जाळ्यात सामावतं. एसीएन फक्त घेतं. जाळं मोडायला लागलेली ऊर्जा पुरती परत मिळत नाही आणि ती तूट मिश्रणाच्या उष्णतेतून भरून निघते. मधल्या प्रमाणात तर एसीएनचे रेणू आपापसातच घोळके करून राहतात. आता नमुन्यातल्या रेणूने सी-१८वर, म्हणजे कॉलममधल्या १८ कार्बनच्या साखळ्यांच्या थरावर, किती थांबायचं, हे बऱ्याच अंशी त्याच्याभोवतीचं हे द्रावणच ठरवतं. मला वाटतं, म्हणूनच मेथनॉलची टक्केवारी बदलली की रिटेन्शन फॅक्टरचा (घटक कॉलमवर किती थांबतो त्याच्या मापाचा) लॉग जवळजवळ सरळ रेषेत उतरतो आणि एसीएनमध्ये ती रेषा वाकते. दोन रनवरून तिसऱ्याचा अंदाज बांधायचा असेल तर सरळ रेषेसारखं सुख नाही.

तापमानाबद्दल एक सांगायला हवं. हायड्रोफोबिक परिणाम (पाण्याला टाळणारे रेणू एकत्र येणं) म्हणजे एन्ट्रॉपीचा, अव्यवस्थेचा खेळ असं आपण शिकतो, आणि निव्वळ पाण्यात, खोलीच्या तापमानाला, ते बरोबरही आहे. पण निम्मं ऑर्गॅनिक असलेल्या कॉलममध्ये लहान, उदासीन रेणूंचा व्हान्ट हॉफ आलेख (तापमानानुसार रिटेन्शन कसं बदलतं ते दाखवणारा) काढला तर एन्थॅल्पीचाच, म्हणजे उष्णतेच्या देवाणघेवाणीचाच वाटा मोठा दिसतो. कॉलमचा ओव्हन एका अंशाने चढवला की रिटेन्शन साधारण १-२ टक्के घटतं, ते यामुळेच. तेव्हा ओव्हन दोन्हीकडे लागणारच. मेथनॉलला त्याचा दुहेरी फायदा, कारण ४० अंशांवर प्रेशरही उतरतं.

मेथनॉलची एक खोड सांभाळावी लागते: ५०० मिली पाणी आणि ५०० मिली मेथनॉल मिळून १ लिटर होत नाही, जेमतेम ९६५ मिली भरतं. दोन्ही वेगवेगळी मोजून घ्यायची, मेजरिंग सिलिंडरमध्ये एक ओतून त्यावर दुसरं खुणेपर्यंत भरायचं नाही. टक्केवारीत १०चा फरक पडला की रिटेन्शन सुमारे तिप्पट इकडेतिकडे होतं, म्हणजे थोडी चूकही महागात पडते.

पुरवठ्याचाही विचार असू द्या. एसीएन हे अ‍ॅक्रिलोनायट्रिलच्या कारखान्यातलं उपउत्पादन. २००८-०९च्या मंदीत अ‍ॅक्रिलोनायट्रिलची मागणी घसरली आणि जगभर एसीएनची टंचाई झाली.

तर सुरुवात मेथनॉलने करा. दोन पीक एकमेकांवर बसलेच आणि काही केल्या सुटेनात, तर मग एसीएन लावून बघा. त्याची सिलेक्टिव्हिटी, म्हणजे दोन घटकांत फरक करण्याची तऱ्हा, वेगळी आहे, कधी कधी पीकचा क्रमही उलटतो. ५० टक्के मेथनॉलच्या जागी साधारण ४० टक्के एसीएनपासून सुरू केलंत तर पीक त्याच सुमारास येतील.