कामगार सहभाग मोजणी: तक्ता घ्या, प्रश्नावली सुधारून मागा

कारखान्यात लोकशाही किती, हे मोजून देणारी ही सेवा नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक भागात दिली जाते. प्रश्नावली, निर्णयांचा तक्ता आणि समित्यांच्या इतिवृत्तांची तपासणी, एवढं त्यात येतं.

सगळ्यात कामाचा तो तक्ता. पाळ्या, ओव्हरटाइम, कॅन्टीनचा ठेका, मशीन खरेदी असे निर्णय एकाखाली एक, आणि समोर चार रकाने: नुसतं कळवलं, मत विचारलं, मिळून ठरवलं, कामगारांनीच ठरवलं. व्यवस्थापन आणि कामगार, दोघांकडून वेगवेगळा भरून घेतात. पाळ्यांच्या ओळीत साहेबांची खूण 'मिळून ठरवलं'वर आणि कामगारांची 'कळवलं'वर पडली, की दुखणं सापडलंच.

प्रश्नावली मात्र लंगडी. सुपरवायझरने दिलेले गुण 5, हेल्परने दिलेला 1, सरासरी 3, आणि अहवालात 'समाधानकारक'! उत्तरं भरायचा टॅब वाटतो सुपरवायझरच, रात्रपाळी सुटते, ठेकेदाराची माणसं मोजतच नाहीत. वर चार जणांच्या विभागाचेही गुण वेगळे छापतात. मग कोण बोललं ते कळायला कितीसा वेळ लागतो? दहाच्या आतले विभाग एकत्र करायला सांगा.

इतिवृत्तांत फक्त बैठका मोजतात. वर्षात 12 झाल्या, पूर्ण गुण. खरं तर एकेका मागणीचा माग काढायला हवा. शेडमधल्या कूलरची वूडवूल बदलायची मागणी फेब्रुवारीत आली, मेपर्यंत दर बैठकीत 'चर्चा झाली' आणि बदलली जूनच्या शेवटी, तर नागपूरच्या उन्हाळ्यात त्या समितीला कसले गुण? मांडल्याची, ठरल्याची आणि काम झाल्याची तारीख, तीन रकाने पुरतात.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 प्रमाणे 20 किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती लागते. मालक-कामगारांचे प्रतिनिधी समसमान, आणि अध्यक्षपद दरवर्षी आलटून-पालटून. सेवावाले समिती कागदावर आहे का, तेवढंच बघतात. कामगारांचे प्रतिनिधी निवडले की एचआरने नेमले, आणि अध्यक्षाची खुर्ची कधी कामगारांकडे आली का, हे दोन प्रश्न आपणच घालून घ्यावेत.

अहवाल मराठी-हिंदीत सूचनाफलकावर लागेल, हे करारातच लिहून घ्या. नाहीतर तो एचआरच्या कपाटात जातो.