नाणेघाटाचं लोकसंग्रहालय कुठे असावं: मुंबईत, घाटाखाली की ट्रंकेत?

कोकणातून जुन्नरला चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेसाठी, म्हणजे नाणेघाटासाठी, लोकांनीच चालवायचं लोकसंग्रहालय उभं करायचं, इथवर तुमच्या गटाचं एकमत झालं असेल तर पुढचा प्रश्न जागेचा. मुंबईतल्या मंडळींपुढे साधारण तीन पर्याय येतात. दादर, गिरगाव, मुलुंड अशा ठिकाणी एखादी खोली घ्यायची. घाटाच्या पायथ्याशी वैशाखरे गावात किंवा माथ्यावर घाटघरला जागा मिळवायची. नाहीतर कायमची जागाच न घेता संग्रह ट्रंकांमध्ये भरून फिरवायचा. माझा कल घाटाखालच्या गावाकडे आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करून वाचता येईल.

त्याआधी जपायचं काय, हे नक्की करा. माथ्यावरच्या लेण्यातला सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख जपणं हे आपलं काम नाही. तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानतात आणि लेणं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्यातल्या ब्राह्मी अंकांवर एकोणिसाव्या शतकातच पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी काम केलं. यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नावाच्या जुन्या नाण्यांची यादी कधीच छापून झाली आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळातल्या माणसांच्या मूर्ती होत्या; आज वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा एवढंच उरलं आहे. या सगळ्याला अभ्यासक आहेत. वाली नाही तो खालच्या वाटेला. तिच्या फरसबंदीचे उरलेले दगड, पाण्याची टाकी, बैलाला विसावा देण्याच्या जागा, आणि हौसेने नव्हे तर पोटासाठी ही चढण चढलेल्यांच्या आठवणी. मोटाररस्ता माळशेजने गेला आणि ओझ्याची वाटच बंद पडली. डोक्यावर काय नेलं, कोणत्या बाजाराला नेलं, रात्र झाली तर कुणाच्या ओसरीवर टेकले, हे सांगणारी माणसं आता थकली आहेत. संग्रहालय व्हायचं ते यासाठी.

मुंबईतली खोली

मुंबईची बाजू लंगडी नाही. या वाटेचं एक टोक इथेच आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे शिलालेख आहेत. सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये भगवानलालांनीच उकरला; तिथे सापडलेला ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आला. सोपाऱ्याच्या अशोकाच्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. म्हणजे मुंबईतल्या मुलाला लोकलच्या तिकिटात नाणेघाटाची निम्मी गोष्ट दाखवता येते. शिवाय स्वयंसेवक इथे, छायाचित्रं काढणारे इथे, देणगीदारही इथेच.

अडचण जागेची. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. दरवर्षी मालक काय म्हणेल या धास्तीत संग्रह वाढत नाही, बांधाबांध करून तयार असतो. राहत्या इमारतीतली खोली असेल तर सोसायटीची परवानगी लागते, आणि रविवारी जिन्यावर अनोळखी माणसांची वर्दळ कोणत्या सोसायटीला आवडेल? त्यापेक्षा एखाद्या जुन्या मराठी वाचनालयाकडे एक भिंत आणि एक कुलपाचं कपाट मागणं शहाणपणाचं. तिथे वर्गणीदार येतात, वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा असतात, आणि दार रोज उघडतं.

मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. मुंबईत जमणारा संग्रह आपोआप ट्रेकर्सचा होतो. उलट्या धबधब्याचे फोटो, शेजारच्या जीवधन किल्ल्यावरून दिसणारा सूर्यास्त, मोहिमांचे टी-शर्ट. यात वाईट काही नाही, पण ती वाट चढून गेलेल्या पाहुण्यांची आठवण झाली. त्या वाटेवर ज्यांचं घर आहे त्यांना आपली वस्तू शहरातल्या खोलीत द्यावीशी का वाटावी, आणि दिल्यावर ती पाहायला त्यांनी कल्याणहून लोकल बदलत का यावं, याचं पटणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

घाटाखाली की घाटावर

गावात करायचं ठरलं तरी गाव कोणतं, हा प्रश्न उरतोच. तो भावनेचा करू नका. फरक अगदी व्यवहाराचे आहेत. वैशाखरे ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात. घाटघर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. एकच वाट, पण दोन जिल्हा परिषदा, दोन पंचायत समित्या, दोन वनविभाग. दोन्हीकडे एकदम अर्ज करणारा गट दोन्हीकडे हेलपाटे घालतो.

घाटघरच्या बाजूला पाहुणे जास्त, कारण जुन्नरकडून गाडी थेट घाटाच्या तोंडापर्यंत येते. पण संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरांतही परवानगी काढावी लागते. म्हणजे लेण्याजवळ काही उभारण्याचा विचार सोडूनच द्या. गावठाणात जागा मिळाली तरच. दुसरं म्हणजे गाडीने आलेला माणूस घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण पाहतो, लेण्यात डोकावतो, भजी खातो आणि परततो. वाटेशी त्याचा संबंधच येत नाही. वैशाखऱ्याचं उलट आहे. कल्याण-मुरबाड-टोकावडे मार्गे येणारी एसटी इथे सोडते आणि चढण इथूनच सुरू होते. इथे थांबणारा प्रत्येक जण पायी जाणारा किंवा पायी उतरलेला असतो. वाटेच्या संग्रहालयाला असाच पाहुणा हवा.

गावातल्या संग्रहालयाचं मोठं बळ असं की वस्तू गोळा कराव्याच लागत नाहीत. त्या घरात आहेत: इरलं, घोंगडी, जातं, कणगी, पायली आणि शेराची मापं, डालगं, ओझं वाहताना डोक्यावर ठेवायची चुंबळ. त्या उचलून काचेत ठेवण्याची घाई करू नका. दाखल-नोंदवही करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, कोणाच्या घरची, कशासाठी वापरत, कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला. वस्तू त्या घरीच राहू दे. वर्षातून काही आठवडे ती पावती देऊन खोलीत मांडायची आणि सांगितलेल्या दिवशी परत करायची. शब्द पाळून वस्तू परत आली की पुढच्या खेपेला शेजारचं घर स्वतःहून काहीतरी काढून देतं. महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबांकडून आजवर बाहेरच्यांनी खूप काही नेलं आहे. विश्वास इथेच कमवावा लागतो. घाटमाथ्यावरच्या हिरड्याची कथाही याच नोंदवहीत यायला हवी, कारण जुन्नरच्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी घरांचं रोख उत्पन्न कित्येक वर्षं त्यावर राहिलं आहे.

मेक्सिकोतल्या ओहाका प्रांतात सांता आना देल व्हाये नावाच्या गावी 1980च्या दशकात लोकांना श्रमदान करताना चौकात जुनी थडगी सापडली. त्यांनी तो ठेवा शहरात जाऊ न देता गावातच मांडायचं ठरवलं. 1986 मध्ये उघडलेलं ते संग्रहालय मग त्या प्रांतातल्या इतर गावांना नमुना ठरलं. आपल्याकडे मात्र एक मोठा फरक ध्यानात ठेवा. वाटेवर कुणाला नाणं किंवा मूर्ती सापडली तर ती ना गावाची, ना गटाची. 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच बैठकीत गावकऱ्यांसमोर स्पष्ट बोला, नाहीतर चांगल्या हेतूने नाणं आणून देणारा माणूसच अडचणीत येईल.

जमीन विकत घेण्याचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ ने कडक बंधनं आहेत, आणि ती असायलाच हवीत. ग्रामपंचायतीचं समाजमंदिर किंवा वापरात नसलेली शाळाखोली ग्रामसभेच्या ठरावाने वापरायला मिळाली तर बास. शाळाखोलीसाठी जिल्हा परिषदेची मंजुरी लागेल.

पाऊस हा या पर्यायाचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर इथल्या भिंतींना ओल येते, कागदाला बुरशी लागते, फ्लेक्सचे कोपरे काळे पडतात. म्हणून मूळ कागद, जुनी छायाचित्रं, पडक्या घरात सापडलेली वहीखाती यांपैकी काहीही गावात ठेवू नका. त्यांच्या चांगल्या प्रती मांडा. लाकूड-बांबूच्या वस्तू भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा, आणि उन्हाळा संपण्याआधी एकदा सगळं सावलीत वाळवून घ्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गर्दी सर्वांत जास्त असते आणि ओलही तेव्हाच, याला इलाज नाही.

ट्रंकेतलं संग्रहालय

याबद्दल थोडक्यात, कारण ते थोडक्यातच चांगलं चालतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस 2015पासून शाळाशाळांत जाते. धारावीत 2016 मध्ये हातगाडीएवढं डिझाईन म्युझियम गल्लीबोळांतून फिरलं. तुमच्याकडे बस नसली तरी पत्र्याच्या दोन ट्रंका पुरतात: कापडावर छापलेला वाटेचा नकाशा, नागणिकेच्या लेखातल्या अंकांचे ठसे, मुलांना हातात घेता येतील अशी मापं, आणि आठवणी ऐकवायला छोटा स्पीकर. मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळेत आणि मुलुंडच्या महापालिका शाळेत तीच ट्रंक उघडता येते. खर्च तिन्हींत कमी. उणीव एकच, पण मोठी: ट्रंक निघून गेली की मागे काही राहत नाही, आणि ती उघडणारी दोन-तीन उत्साही माणसं दमली की काम थांबतं.

पैसा आणि चावी

तिन्ही पर्यायांत गट फसतात ते एकाच जागी. उभारणीला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून खोली होईल, खोली उघडणाऱ्या बाईचं मानधन होणार नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीत वारसा जतन बसतं, पण तोही बहुतेकदा ठराविक मुदतीचा. म्हणून रंगकाम, फलक, उद्घाटन यांच्याआधी दोन वर्षांच्या मानधनाची रक्कम बाजूला काढा. ती निघत नसेल तर खोली घेऊ नका, ट्रंकेवर राहा. संस्था नोंदवायची तर 1860च्या कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. त्या सातांत गावचे चार असावेत, असं माझं ठाम मत आहे. चावी गावातल्या महिला बचत गटाकडे असावी, आणि जेवण-चहाचं उत्पन्नही त्यांचंच. मुंबईकरांनी हिशेब, छपाई, ध्वनिमुद्रणांच्या प्रती आणि अर्ज-परवानग्या सांभाळाव्यात. चावी मुंबईत राहिली तर पावसाळ्यात गळकं छप्पर दिसायला ऑगस्ट उजाडेल.

वाटेच्या वाट्याला काय येतं, हेही पर्याय निवडताना विचारा. मुंबईच्या खोलीचा पैसा भाड्यात जातो. गावात खोली असेल तर दरवर्षी मे महिन्यात वनविभागाची परवानगी काढून पाण्याचे चर मोकळे करता येतात, निसटलेले दगड तिथल्याच दगडांनी बसवता येतात. सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे मात्र कुणी फुकट दिले तरी नाकारा.

मी निवडलं असतं ते असं. पहिलं वर्ष फक्त ट्रंक आणि ध्वनिमुद्रण. बोलणाऱ्याची संमती मराठीत लिहून घ्यायची, तीही वाचून दाखवून, आणि प्रत त्याच्या घरी द्यायची. दुसऱ्या वर्षी वैशाखऱ्यात खोली. मुंबईत वाचनालयातलं कपाट, मूळ कागदांसाठी. घाटघरला लेण्यापासून दूर, गावात एक फलक आणि तिथल्या घरांची वेगळी नोंदवही. तुमच्या गटात गावाशी आधीपासून येणं-जाणं असलेलं एकही माणूस नसेल, तर हा क्रम तुमच्यासाठी नाही. तुम्ही वाचनालयाच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि गावात पाहुणे म्हणून जात राहा.

ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. 1 मेची गाठा. ऑगस्टमध्ये शेताची कामं आणि पर्यटकांची गर्दी यांतून कुणाला डोकं वर काढायला सवड नसते. विषयपत्रिकेत नाव यायचं तर अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) हाती द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.