लोकसभेची कार्यसूची : बंदरावरच्या माणसाने वाचावी अशी सेवा

हर्णै बंदरात मच्छीमार सोसायटीचं कागदपत्रांचं काम मी बघतो. संसदेच्या संकेतस्थळावर मिळणारी लोकसभेची कार्यसूची, म्हणजे त्या त्या दिवसाच्या कामकाजाची यादी, 2025च्या पावसाळी अधिवेशनात नेमाने वाचली. पैसे पडत नाहीत, मोबाइलवर उघडते. पाचपैकी चार तारे.

खरी किंमत कळते ती सुट्टी तोंडावर आल्यावर. त्या वर्षी 12 ऑगस्टला बैठक उठली की थेट 18 तारखेला भरणार होती, आणि भारतीय बंदरे विधेयक अजून बाकी होतं. 1908चा जुना कायदा जाऊन नवा येणार, त्यात राज्यांच्या मेरीटाइम बोर्डांचे (राज्यातली बंदरं सांभाळणाऱ्या मंडळांचे) अधिकार, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या बंदरांचा थेट संबंध! यादीत विधेयक कसं येतं ते नीट बघा. मंत्र्यांच्या नावाखाली आधी ‘विधेयक विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव, आणि लगेच पुढे ‘तसेच विधेयक संमत करावे’. दोन्ही यादीतल्या एकाच नोंदीत. हे दिसलं की समजायचं, चर्चा नि मंजुरी एका दमात उरकू शकते. झालंही तसंच. बिहारच्या मतदार याद्यांवरून गदारोळ चालू असतानाच 12 तारखेला लोकसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं, 18 तारखेला राज्यसभेने.

कुठल्या विधेयकाला किती तास द्यायचे, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. लोकसभेत तिचे अध्यक्ष स्वतः सभापतीच. त्या समितीचा अहवालही वाचा, नुसत्या यादीवर राहू नका. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, कामकाजाचे, ते धरून चाला.

सुट्टीआधी राहिलं म्हणून विधेयक मरत नाही. किनारी नौवहन (किनाऱ्यालगतची जहाजवाहतूक) विधेयक लोकसभेने 3 एप्रिलला मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी अधिवेशन संपलं, आणि राज्यसभेत ते 7 ऑगस्टला पार पडलं. मधले चार महिने सोसायट्यांना वाचून, विचारून, खासदारांना निवेदन देण्यासाठी मोकळे होते. लोकसभा विसर्जित झाली तर मात्र गोष्ट वेगळी. तिच्याकडे पडून असलेली विधेयकं तेव्हा बाद होतात.

एक तारा कापला तो अवघड भाषेसाठी. डोल जाळं लावणाऱ्या म्हाताऱ्याला ‘विचारार्थ प्रस्ताव’ वाचून काय कळणार? किनाऱ्याचा कायदा होतोय तर किनाऱ्याच्या भाषेत दोन पानं हवीतच, ही माझी ठाम मागणी आहे.

वापरणाऱ्यांना एवढंच सांगेन : आदल्या संध्याकाळी यादी वाचलीत तरी सकाळी अकराच्या आत पुरवणी कार्यसूची आली का ते पुन्हा बघा. राज्यसभेची यादी वेगळी असते, तीही उघडा.