ओटीजी आणि बेक्ड मश्रूम : काही महिने वापरल्यावर

किती लिटर, किती वॅट हे खोक्यावर छापलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मी हा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घेतला तोच क्रीमी बेक्ड मश्रूमसाठी, त्यामुळे निकालही त्याच डिशवर.

टायमर, जाळी, आतला दिवा, सगळं ठीक. तक्रार एकच : तापमानाचा नॉब. २०० वर लावा, आत ठेवलेल्या ओव्हन थर्मामीटरचा काटा १६५च्या पुढे हलत नाही. केकला दहा मिनिटं जास्त दिली की भागतं, इथे नाही भागत. मश्रूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. ते सुटून आटेपर्यंत मी मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता परतते. व्हाइट सॉसही घट्टच करते, बटर आणि मैदा समान. तरी चीजवर रंग धरेपर्यंत अर्धा तास जातो आणि तोवर त्याला तेल सुटून कडेला पिवळं तळं साचतं. चांगलं चीज असं वाया जाताना जीव तुटतो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर, 'मॅडम, ओटीजीत एवढा फरक चालतो.' कुठे लिहिलंय? मॅन्युअलमध्ये तरी नाही. टेक्निशियनने रिकामा ओव्हन चालू केला, लाल झालेले रॉड दाखवले, 'हीटिंग ओके' लिहून सही मागितली. दिली नाही. वॉरंटीत असून व्हिजिट चार्ज मागितला, तोही दिला नाही.

अपडेट : इथपर्यंत लिहिलं तेव्हा दोनच स्टार देणार होते. भरपूर फोनाफोनीनंतर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारा भाग, बदलून मिळाला. आता काटा १९० ते २१०मध्ये खेळतो. रॉड चालू-बंद होत राहतात, म्हणजे तेवढं होणारच. गरम सॉसमध्ये मश्रूम, वर मोझरेला आणि थोडं चेडर, मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं, शेवटची तीन फक्त वरच्या रॉडवर. कडेने बुडबुडे, वर तपकिरी ठिपके, चमचा घातला तरी सॉस जागच्या जागी. खरंच खूश आहे. (प्रोसेस्ड चीज घालून तारा निघत नाहीत म्हणणाऱ्यांनी ओव्हनला दोष देऊ नये.)

चार स्टार. पाचवा नाही, कारण नॉबवर २०० आणि २५०च्या मध्ये एकही खूण नाही; २२० लावायचं तर अंदाजपंचे. आणि तो 'चालतो' म्हणून सांगितलेला जुना थर्मोस्टॅट टेक्निशियन न विसरता सोबत घेऊन गेला.